नोआ-१५ ची फाटलेली चित्रे: नाशिकमधील एका भू-केंद्राचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

नाशिक शहराच्या पश्चिम भागातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या गच्चीवर हवामान उपग्रहांची चित्रे थेट उतरवून घेणारे एक लहान भू-केंद्र आहे. हे प्रकरण तेथील २०२२ च्या दिवाळीतले आहे. संस्थेचे व व्यक्तींचे नाव येथे दिलेले नाही आणि ओळख पटेल असे काही किरकोळ तपशील बदललेले आहेत. उपग्रहाविषयीची माहिती मात्र जशी आहे तशीच ठेवली आहे.

केंद्राची सामग्री साधी होती. ॲल्युमिनियमच्या दोन कांड्या १२० अंशांच्या कोनात बसवून केलेला व्ही-डायपोल अँटेना, त्याच्या पायथ्याशी एक ॲम्प्लिफायर, तिथून प्रयोगशाळेपर्यंत आणलेली कोॲक्सियल केबल, एक स्वस्त आरटीएल-एसडीआर रिसीव्हर आणि रास्पबेरी पाय हा छोटा संगणक. उपग्रह क्षितिजावर येण्याची वेळ संगणक स्वतः काढत असे, ध्वनिमुद्रण करत असे, त्यातून चित्र तयार करून त्यावर किनारपट्टी व राज्यांच्या सीमा आखत असे, आणि शेवटी ते चित्र दोन व्हॉट्सॲप गटांवर पाठवत असे. एक गट विद्यार्थ्यांचा होता. दुसरा दिंडोरी आणि निफाड तालुक्यांतील काही द्राक्ष बागायतदारांचा होता. हा गट ठरवून केलेला नव्हता. एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी चित्रे शेजाऱ्यांना दाखवली, मागणी आली आणि केंद्राने होकार दिला. चित्रे म्हणजे हवामानाचा अंदाज नव्हे, असे गटाच्या माहितीत स्पष्ट लिहिलेले होते. तथापि ऑक्टोबर छाटणीनंतर बाग पोंग्यात (नवी फूट येत) असताना पाऊस आला तर डाऊनी या बुरशीजन्य रोगाचा धोका किती वाढतो, हे ठाऊक असलेला बागायतदार ढगांचे चित्र नुसतेच पाहून बाजूला ठेवील, ही अपेक्षा भाबडीच होती.

चित्रे देणारे उपग्रह तीन होते, तिन्ही अमेरिकेच्या नोआ या संस्थेचे हवामान उपग्रह: नोआ-१५, नोआ-१८ आणि नोआ-१९. त्यांतील नोआ-१५ सर्वांत जुना. त्याचे प्रक्षेपण १३ मे १९९८ रोजी झाले आणि त्याचे नियोजित आयुष्य दोन वर्षांचे होते. म्हणजे २०२२ साली त्याची चित्रे उतरवणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांचा जन्म त्याच्या प्रक्षेपणानंतरचा होता. जमिनीपासून सुमारे ८०० किलोमीटरवर, ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेत तो साधारण १०१ मिनिटांत एक फेरी पूर्ण करी. वातावरणातील तापमानाचा उभा छेद मोजणारे एएमएसयू-ए हे सूक्ष्मलहरी उपकरण अवकाशात प्रथम गेले ते याच उपग्रहावरून. ढगांची चित्रे टिपण्याचे काम एव्हीएचआरआर या दुसऱ्या उपकरणाकडे होते. नाशिकवरून तो पहाटेनंतर लवकर आणि पुन्हा दिवेलागणीच्या सुमारास जात असे. दिवेलागणीची ही वेळ या प्रकरणात महत्त्वाची ठरली.

चित्र कसे तयार होते

पुढचा सगळा वाद चित्राच्या कोणत्या भागात बिघाड दिसतो यावर फिरला, म्हणून रचना थोडी समजून घेणे आवश्यक आहे.

एव्हीएचआरआरमधील आरसा मिनिटाला ३६० फेरे घेतो. प्रत्येक फेऱ्यात तो उपग्रहाच्या मार्गाला आडवी अशी जमिनीची एक ओळ पाहतो, म्हणजे सेकंदाला सहा ओळी होतात. उपग्रहावरील इलेक्ट्रॉनिक प्रक्रियक त्यांतील दर तिसरी ओळ निवडतो, तिची सूक्ष्मता सुमारे चार किलोमीटरपर्यंत कमी करतो आणि सेकंदाला दोन ओळी या वेगाने, एपीटी या जुन्या ॲनालॉग पद्धतीने, १३७ मेगाहर्ट्झच्या आसपास प्रसारित करतो. नोआ-१५ ची वारंवारता १३७.६२० मेगाहर्ट्झ होती. प्रत्येक ओळीत २०८० चित्रबिंदू असतात आणि दोन वेगवेगळ्या तरंगलांबींत घेतलेली दोन चित्रे शेजारी शेजारी येतात.

या ओळीत केवळ चित्र नसते. प्रत्येक चित्राच्या सुरुवातीला ओळ जुळवण्यासाठीचे स्पंद असतात आणि ते छापील चित्रात काळ्या-पांढऱ्या उभ्या रेघांसारखे दिसतात. त्यानंतर अवकाशाचा अरुंद पट्टा, मग पृथ्वीचे चित्र आणि शेवटी करड्या रंगाच्या पायऱ्यांचा दूरमापन पट्टा येतो. जुळवणीचे स्पंद आणि करड्या पायऱ्यांपैकी सुरुवातीच्या ठरावीक पायऱ्या प्रक्रियक स्वतः तयार करतो. आरशाचा त्यांच्याशी काही संबंध नसतो. अवकाशाचा पट्टा मात्र आरशाने पृथ्वीकडे वळण्यापूर्वी पाहिलेल्या रिकाम्या आकाशाचा असतो. याचा अर्थ असा की एकाच ओळीत काही भाग आरशावर अवलंबून असतो आणि काही नसतो, पण संपूर्ण ओळ त्याच रेडिओ लहरीवरून, त्याच अँटेनातून आणि त्याच केबलमधून आपल्यापर्यंत पोहोचते.

पहिली अडचण: संध्याकाळचा खरखराट

वसुबारसेच्या, म्हणजे २१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी नोआ-१५ च्या चित्रात तिरप्या, बारीक पट्ट्यांचा खरखराट दिसू लागला. उपग्रह डोक्यावर असताना चित्र बरे होते. क्षितिजाजवळ असताना मात्र त्यात काही ओळखू येत नव्हते. दुसऱ्या दिवशी, धनत्रयोदशीला, तेच झाले आणि अधिक जोराने झाले.

केंद्राचे काम पाहणाऱ्या प्राध्यापकांनी तीन शक्यता मांडल्या. पहिली, परतीच्या पावसात केबलच्या जोडात पाणी शिरले असावे. त्या वर्षी मोसमी पाऊस देशातून पूर्णपणे माघारी गेला तो २३ ऑक्टोबरला, त्यामुळे ही शंका रास्त होती. दुसरी, नाशिक आकाशवाणीच्या १०१.४ मेगाहर्ट्झसारख्या जवळच्या बलवान एफएम प्रसारणामुळे रिसीव्हर गुदमरत असावा. तिसरी, ॲम्प्लिफायर खराब झाला असावा. तिसऱ्या शक्यतेवर उपाय सर्वांत सोपा होता, कारण नवा ॲम्प्लिफायर मागवला की काम झाले, आणि म्हणूनच तोच आधी करावा असा कल होता. दिवाळीच्या गर्दीत कुरिअर वेळेवर येणार नाही, एवढ्या एकाच कारणाने तो खर्च टळला.

प्रयोगशाळा साहाय्यकांनी सुचवलेली तपासणी याहून चांगली होती. ते म्हणाले, "सर, उपग्रह यायच्या आधी दहा मिनिटं रिकामी वारंवारता ऐकून बघू. खरखराट तेव्हाही असेल तर तो वरून येत नाही." तसे केल्यावर उपग्रह क्षितिजाखाली असतानाही तोच आवाज स्पष्ट ऐकू आला. पट्ट्यांची ठेवणही बोलकी होती. घरगुती विजेच्या ५० हर्ट्झमुळे स्वस्त अडॅप्टरमधून सेकंदाला १०० झटक्यांचा गोंगाट निघतो. सेकंदाला दोन ओळी असलेल्या चित्रात तो प्रत्येक ओळीत सुमारे ५० वेळा उमटतो, आणि विजेची वारंवारता अगदी नेमकी ५० राहत नसल्यामुळे पट्टे उभे न राहता तिरपे होतात. साहाय्यकांनी हातातला छोटा रिसीव्हर घेऊन इमारतीभोवती फेरी मारली, तेव्हा वसतिगृहाच्या कठड्यावर लावलेल्या एलईडी माळांपाशी आवाज सर्वांत मोठा आला.

यावर दोन उपाय होते. माळांच्या अडॅप्टरांना गोंगाट दाबणारी फेराइटची कडी बसवणे हा एक, आणि उपग्रह जात असताना माळा बंद ठेवणे हा दुसरा. वसतिगृहाच्या अधीक्षकांनी पंधरा-वीस मिनिटे माळा बंद ठेवण्यास आनंदाने संमती दिली. शिवाय अँटेना गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, वसतिगृहापासून दूर हलवण्यात आला. २३ ऑक्टोबरच्या संध्याकाळचे चित्र लक्षणीय सुधारले, लक्ष्मीपूजनाच्या, म्हणजे २४ तारखेच्या संध्याकाळचेही चांगले आले. त्या चित्रात बंगालच्या उपसागराच्या उत्तर टोकाशी सित्रंग चक्रीवादळाचे ढग दिसले. हे वादळ त्याच रात्री बांगलादेशाच्या किनाऱ्याला धडकले. केंद्रावर समाधानाचे वातावरण होते आणि ते योग्यच होते. निदान खरे होते, उपाय लागू पडला होता आणि पुराव्यानेही तो सिद्ध झाला होता.

दुसरी अडचण: सरकलेले पट्टे

२५ ऑक्टोबरला सकाळी आलेले नोआ-१५ चे चित्र फाटल्यासारखे होते. ढग, किनारा, समुद्र यांचे आडवे पट्टे एकमेकांपासून डावी-उजवीकडे सरकलेले होते; काही पट्ट्यांत पृथ्वीचा भाग ओळीच्या मध्यावर तुटून पुढच्या बाजूने पुन्हा सुरू होत होता. संगणकाने त्यावर आखलेली किनारपट्टी मात्र नेहमीप्रमाणे जागेवर होती, कारण ती चित्रावरून नव्हे तर कक्षेच्या गणितावरून आखली जाते.

येथे या प्रकरणातला मुख्य निर्णयबिंदू आला. केंद्राच्या हाती नुकतेच एक सिद्ध झालेले कारण होते, आणि सगळ्यांची नजर साहजिकच त्याच दिशेला वळली. माळा पुन्हा कुणी लावल्या का, याची चौकशी झाली. त्या बंद होत्या. मग नुकत्याच हलवलेल्या अँटेनावर संशय आला, आणि तो संशय वरवर पाहता पहिल्यापेक्षाही सयुक्तिक होता, कारण बदल केल्यानंतर बिघाड आला तर बदल संशयित ठरतोच. त्या दिवशी संध्याकाळी खंडग्रास सूर्यग्रहण होते, त्यामुळे विद्यार्थ्यांच्या गटावर ग्रहणाचाही उल्लेख आला. बिघाड सकाळचा आणि ग्रहण संध्याकाळचे, हे कुणीतरी दाखवून दिल्यावर तो विषय मिटला.

दिवसभरात अँटेना उतरवून जोड नव्याने केला गेला, केबलचे टोक कापून पुन्हा बसवले गेले आणि अँटेना जुन्या जागी परत नेण्याचा निर्णय झाला. या कामात संध्याकाळची नोआ-१५ ची फेरी हुकली. २६ तारखेच्या सकाळचे चित्र पुन्हा तसेच फाटके आले.

दरम्यान संगणकाची स्वयंचलित पाठवणी चालूच होती. २५ तारखेचे फाटके चित्र बागायतदारांच्या गटावर गेले होते. त्यातील एका सरकलेल्या पट्ट्यात समुद्रावरील ढगांचा एक तुकडा नाशिक जिल्ह्याच्या सीमारेषेवर येऊन बसला होता. सुमारे पन्नास चित्रबिंदूंची सरक म्हणजे चित्राच्या मध्यभागी २०० किलोमीटरची चूक; पण पाहणाऱ्याला रेखीव नकाशा आणि त्यावर ढग एवढेच दिसते. दिंडोरीकडच्या एका बागायतदाराने साहाय्यकांना फोन करून विचारले, "दादा, ढग आपल्यावर आलाय म्हणायचा का? उद्याची फवारणी धरू की सोडू?" साहाय्यकांनी खिडकीतून स्वच्छ आकाश पाहिले आणि चित्रावर विसंबू नका असे सांगितले. हा फोन आला नसता तर पाठवणी आणखी किती दिवस तशीच चालू राहिली असती, हा प्रश्न माझ्या मते अँटेनाच्या प्रश्नापेक्षा मोठा आहे.

पर्यायांचा विचार

२६ तारखेला, पाडवा आणि भाऊबीज एकाच दिवशी असतानाही, तिघेजण थोड्या वेळासाठी प्रयोगशाळेत आले: प्राध्यापक, साहाय्यक आणि तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी. त्यांच्यासमोर पुढील मार्ग होते. रिसीव्हर बदलून पाहावा. उलगडणीचे सॉफ्टवेअर नव्याने बसवावे, कारण ओळींची जुळवणी चुकली तरी चित्र सरकते. किंवा काहीच न करता दुसऱ्या उपग्रहाची वाट पाहावी.

विद्यार्थिनीने सॉफ्टवेअरच्या शंकेपासूनच सुरुवात केली आणि तिथूनच वळण मिळाले. जुळवणी चुकली असती तर संपूर्ण ओळ सरकली असती, तिच्यासोबत कडेच्या उभ्या रेघाही सरकल्या असत्या, असे तिचे म्हणणे होते. चित्र मोठे करून पाहिल्यावर त्या रेघा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ओळंब्यात सरळ होत्या. करड्या पायऱ्याही स्वच्छ होत्या. म्हणजे रेडिओ लहर, अँटेना, केबल, रिसीव्हर आणि सॉफ्टवेअर या सगळ्यांतून ओळ न बिघडता आली होती. बिघाड फक्त आरशाने पाहिलेल्या भागात होता, आणि त्यात आणखी एक खूण अशी की अवकाशाचा पट्टा, जो एका चित्रात एकसारखा काळा आणि दुसऱ्यात एकसारखा पांढरा असायला हवा, त्यात अधूनमधून ढगांसारखे काहीतरी घुसलेले दिसत होते. रिकाम्या आकाशाकडे पाहण्याच्या क्षणी आरसा भलतीकडेच पाहत होता.

२२ तारखेचे खरखराटाचे चित्र शेजारी ठेवल्यावर फरक आणखी उघड झाला. त्यात तिरप्या पट्ट्या चित्रावर, रेघांवर आणि पायऱ्यांवर सारख्याच पसरलेल्या होत्या, आणि उपग्रह वर चढला की त्या विरळ होत होत्या. २५ तारखेच्या चित्रात उपग्रहाच्या उंचीने काहीच फरक पडत नव्हता. अगदी डोक्यावर असतानाचे पट्टेही तितकेच सरकलेले होते.

तरीही प्राध्यापकांनी लगेच निष्कर्ष काढला नाही, आणि हा संयम उल्लेखनीय आहे. त्यांनी नोआ-१९ ची पुढची फेरी याच अँटेनावर, याच रिसीव्हरवर, कोणताही बदल न करता घेण्यास सांगितले. ते चित्र निर्दोष आले. त्यानंतरच उपग्रह चालवणाऱ्या संस्थेच्या स्थितिसूचना पाहण्यात आल्या.

उपग्रहावर काय घडत होते

नोआ-१५ वरील आरसा फिरवणाऱ्या स्कॅनर मोटरचा विद्युतप्रवाह १८ ऑक्टोबरपासूनच हळूहळू वाढत होता. २४ ऑक्टोबरला जागतिक वेळेनुसार १८ वाजल्यानंतर, म्हणजे आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या रात्री साडेअकरानंतर, तो झपाट्याने चढून सुमारे २५० मिलिअँपिअरवर स्थिरावला आणि मोटरचे तापमानही सोबत वाढले. उपकरण माहिती देत होते, पण तिचा दर्जा फार खालावला होता. मोटर बंद पडण्याची ही पूर्वखूण असू शकते, हाताशी असलेले उपाय मर्यादित आहेत आणि स्थिती कदाचित सुधारणारही नाही, असा उपग्रह चालवणाऱ्या संचालकांच्या सूचनेचा आशय होता. नाशिकमधील लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळचे चित्र चांगले का आले आणि दुसऱ्या सकाळचे का बिघडले, याचा हिशेब त्यातून तासाच्या अचूकतेने लागला.

या मोटरचा हा पहिलाच आजार नव्हता. २०१९ च्या जुलैमध्ये तिचा प्रवाह सुमारे ३०२ मिलिअँपिअरपर्यंत गेला होता आणि मोटर अडकल्याची चिन्हे दिसली होती. नंतर ती आपोआप सावरली. आरशाला नेमक्या वेगात फिरवणाऱ्या सिंक्रोनस मोटरला, वंगण कमी झालेल्या बैलगाडीच्या आखासारखा, फिरण्यासाठी जास्त जोर लागू लागला की ती जास्त प्रवाह ओढते, आणि तो जोरही अपुरा पडला की ठरलेल्या लयीतून सुटते. लय सुटली तरी प्रक्रियक आपल्या ठरलेल्या वेळेलाच ओळ कापत राहतो. त्यामुळे ओळीची चौकट बरोबर आणि आतले दृश्य भलत्याच ठिकाणचे, असे चित्र तयार होते.

संचालकांपुढचा पेच वेगळ्या प्रकारचा होता आणि तोही या प्रकरणाचा भाग आहे. मोटरचा वीजपुरवठा बंद करून पुन्हा चालू करता येतो, पण घर्षण वाढलेली मोटर एकदा थांबली तर पुन्हा सुरू होईलच याची हमी नसते. चालू ठेवली तर तापत राहते. उपग्रहावर एएमएसयू-ए सारखी उपकरणे अद्याप उपयुक्त माहिती देत असताना एका उपकरणाच्या मोटरसाठी किती धोका पत्करायचा, हाही विचार करावा लागतो. नव्या उपग्रहाच्या बाबतीत कार्यपुस्तिका पुढची पायरी सांगते. चोवीस वर्षांच्या उपग्रहाच्या बाबतीत बहुतेक वेळा कमीत कमी हात लावणे हाच शहाणपणाचा मार्ग असतो.

केलेली कार्यवाही

कारण कळल्यावर केंद्राकडे दुरुस्त करण्यासारखे काहीच उरले नव्हते. प्रश्न उरला तो चित्रांचे काय करायचे याचा. एक मत असे होते की नोआ-१५ ची चित्रे सूचना जोडून पाठवत राहावीत, कारण काही पट्टे शाबूत असतात आणि विद्यार्थ्यांना त्यातून शिकायला मिळते. दुसरे मत असे होते की बागायतदारांच्या गटावर ती मुळीच जाऊ नयेत. शेवटी दोन्ही गटांसाठी वेगळा निर्णय झाला: विद्यार्थ्यांना चित्रे मिळत राहिली, बागायतदारांच्या गटावर नोआ-१५ ची पाठवणी बंद करून फक्त नोआ-१८ व नोआ-१९ ची चित्रे ठेवली गेली. आधी गेलेले फाटके चित्र चुकीचे होते, त्यातील ढगांच्या जागा खऱ्या नाहीत, असा खुलासा साहाय्यकांनी मराठीत लिहून टाकला आणि फोन करणाऱ्या बागायतदाराला पुन्हा फोन करून सांगितलाही.

स्वयंचलित पाठवणीत एक तपासणीही बसवण्यात आली. संगणक आता दोन गोष्टी मोजत असे: कडेच्या रेघा किती सरळ आहेत आणि अवकाशाचा पट्टा किती एकसारखा आहे. रेघा विस्कटलेल्या असतील तर दोष जमिनीवरचा, रेघा सरळ पण पट्टा मळलेला असेल तर दोष उपग्रहावरचा, अशी ढोबळ विभागणी करून दोन्ही प्रसंगी चित्र माणसाने पाहिल्याशिवाय पुढे जाणार नाही, अशी व्यवस्था झाली. या तपासणीला मर्यादा आहेत. आरशाची लय थोडीच सुटली तर पट्टा शाबूत राहून चित्र जरासे सरकू शकते, आणि तेवढी सरक संगणकाच्या नजरेतून निसटते. म्हणून बागायतदारांच्या गटावर जाणाऱ्या चित्रात मुंबईचा किंवा काठियावाडचा किनारा आखलेल्या रेषेवर बसतो का, हे डोळ्यांनी पाहण्याची सवय साहाय्यकांनी लावून घेतली. ढगांनी किनारा झाकला असेल तर चित्र पाठवायचे नाही, हा नियम त्यातूनच आला.

निष्पत्ती

मोटर यथावकाश सावरली आणि नोआ-१५ ने पुढेही चित्रे दिली. केंद्राने त्याला बागायतदारांच्या गटावर परत घेण्याची घाई केली नाही; सलग काही फेऱ्या स्वच्छ आल्यावर आणि संचालकांच्या सूचनांत मोटरचा उल्लेख थांबल्यावरच तो परत आला. वसतिगृहाच्या माळांच्या अडॅप्टरांना पुढच्या वर्षी फेराइटची कडी बसली, आणि अँटेना गच्चीच्या दूरच्या टोकालाच कायम करण्यात आला. तो जुन्या जागी परत नेण्याची खरे तर कधीच गरज नव्हती.

वेगळे काय करता आले असते

सर्वप्रथम क्रमाचा मुद्दा. दुसऱ्या उपग्रहाचे चित्र त्याच सामग्रीवर घेणे ही सर्वांत स्वस्त चाचणी होती. तिला एक पैसा लागत नव्हता, कोणताही भाग हलवावा लागत नव्हता आणि निकाल जवळजवळ निर्णायक होता. तरीही ती शेवटी झाली. याचे कारण अज्ञान नव्हते. तिन्ही उपग्रहांची चित्रे रोज येत होती. मात्र ती तुलनेसाठी आहेत असे कुणी मनात धरले नव्हते. माझ्या मते कोणत्याही लहान केंद्रावर बिघाडाच्या नोंदवहीचे पहिले पान "इतर उपग्रह कसे दिसतात?" या प्रश्नाने सुरू व्हावे.

दुसरे, २५ तारखेला अँटेना उतरवण्याचा निर्णय. बदलानंतर बिघाड आला तर बदल मागे घ्यावा, हा नियम सर्वसाधारणपणे चांगला आहे. परंतु २४ तारखेचे संध्याकाळचे चित्र नव्या जागेवरूनच चांगले आले होते, म्हणजे बदल आणि बिघाड यांच्यामध्ये एक निर्दोष नोंद उभी होती. ती पाहिली असती तर दिवसभराचे काम आणि हुकलेली फेरी दोन्ही वाचले असते. एलईडी माळांचे निदान इतके नेटके निघाले होते की त्याच्या यशामुळेच पुढचा बिघाड त्याच घराण्यातला असावा, असे गृहीत धरले गेले. एकाच आठवड्यात दोन असंबद्ध बिघाड येणे दुर्मीळ असते, पण चोवीस वर्षांचा उपग्रह आणि सणासुदीचे शहर यांच्या बाबतीत ते फार दुर्मीळही म्हणता येणार नाही.

तिसरे, संचालकांच्या स्थितिसूचना. त्या आधी पाहिल्या असत्या तर सगळे एका क्षणात उलगडले असते, असे वाटणे स्वाभाविक आहे. मला ते पूर्ण पटत नाही. १८ ऑक्टोबरपासून मोटरचा प्रवाह वाढत होता. २२ तारखेला कुणी सूचना पाहिली असती तर संध्याकाळच्या खरखराटाचाही दोष उपग्रहावर गेला असता आणि माळा तशाच राहिल्या असत्या. सूचना पाहाव्यात, पण चित्रातल्या खुणा वाचून झाल्यावर.

चौथे, आणि सर्वांत गंभीर, स्वयंचलित पाठवणी. बिघाड माहीत असूनही चित्र गटावर जात राहिले, कारण ती पाठवणी थांबवण्याचे काम कुणाच्याच वाट्याला दिलेले नव्हते. शोधकार्य सुरू झाले की प्रथम पाठवणी थांबवायची आणि ती थांबवण्याचा अधिकार त्या वेळी प्रयोगशाळेत असलेल्या कुणालाही असेल, हा नियम केंद्राने नंतर केला.

पुढील स्थिती

नोआचे हे तिन्ही जुने उपग्रह २०२५ साली सेवेतून निवृत्त झाले: नोआ-१८ हा ६ जूनला, नोआ-१९ हा १३ ऑगस्टला आणि सर्वांत जुना नोआ-१५ हा सर्वांत शेवटी, १९ ऑगस्टला. त्यांच्यासोबत एपीटी चित्रांचा काळ संपला. केंद्र आता रशियाच्या मेटिओर-एम मालिकेतील उपग्रहांची, २०२३ साली सोडलेल्या एन२-३ ची आणि २०२४ साली सोडलेल्या एन२-४ ची, डिजिटल चित्रे घेते. अँटेना तोच चालला, कारण वारंवारता १३७ मेगाहर्ट्झच्या आसपासचीच आहे.

डिजिटल प्रसारणात चुका सुधारण्याची व्यवस्था असल्यामुळे जमिनीवरचा गोंगाट आता तिरप्या पट्ट्यांच्या रूपात दिसत नाही. तो मर्यादेपेक्षा कमी असेपर्यंत चित्र निर्दोष असते आणि मर्यादा ओलांडली की चित्राचे तुकडेच्या तुकडे काळे पडतात. उपग्रहावरील आणि जमिनीवरील दोष वेगळे ओळखणे त्यामुळे एका अर्थी सोपे झाले, पण माळा लागल्या की चित्र हळूहळू खराब होत जाण्याची जी आगाऊ सूचना मिळत असे, ती बंद झाली. तिची जागा भरण्यासाठी प्रत्येक फेरीपूर्वी रिकाम्या वारंवारतेवरील गोंगाटाची पातळी नोंदवण्याचे काम आता संगणकाकडे दिले आहे, आणि वसुबारसेपासून पाडव्यापर्यंतच्या नोंदी साहाय्यक स्वतः पाहतात.